पापणीचा केस

आमच्या बेंगळुरूच्या दवाखान्यात रेवण्णा तपासणीसाठी रोग्यांच्या मांसाचे काप काढायचा. खाटीक म्हटलं की फुगायचा! राळेत गोठवलेला तिळाएवढा तुकडा काचेच्या सुरीने कापायचा. काप सुरीमागच्या थेंबभर पाण्यात तरंगायचे. सोनेरी दिसला तर जाड, रुपेरी दिसला तर झकास. मी बाजूला काचा धूत बसे, पण नजर त्या पाण्यावर. वाटे, चांदणंच सोलून ठेवलंय.

ते काप सूक्ष्मदर्शकाच्या बारीक जाळीवर ओढायचे पापणीच्या केसाने, काडीला चिकटवून. केस रेवण्णाचा स्वतःचा. तीस वर्षं उपटून डोळे पार बोडके झालेले.

एकदा डोंगराळ मलनाडातला तिम्मप्पा आला, सुपारीच्या झाडांवर चढणारा. मांडीवर टिचकी मारली की कातडीखाली लाटा पळायच्या. अंगात भूत आहे म्हणून सासऱ्याने बायको माहेरी ठेवून घेतलेली.

वारिजा डॉक्टरीण म्हणाली, "स्नायूच्या धाग्याला पातळ साल असते. तिच्यावर बारीक खळगे हवेत, नाचणीच्या मुद्द्याच्या गोळ्याला अंगठ्याने करतो तसे. ते नसतील तर हा जन्मापासूनचा आजार."

तिम्मप्पाच्या मांडीतून घेतलेल्या तुकड्याचे रेवण्णाने सुरेख काप काढले, आणि शिंकला! तपकीर. काप गेले, पापणीचा केसही गेला.

"खाटका, नाक कापून ठेव आधी!" मी ओरडलो.

तुकड्याचा उरला होता जेमतेम कण. रेवण्णाने तपकिरीची डबी माझ्याकडे फेकली आणि डोळे चाचपले. एक केस मिळेना. माझ्या पापण्या तर आधीच झडलेल्या.

दारातून तिम्मप्पा म्हणाला, "अण्णा, माझी घ्या की. मांडी दिली, पापणीचं काय मोठं?"

पंखा बंद केला. तिघांनी श्वास धरला. पाण्यावर पाच रुपेरी काप आले आणि तिम्मप्पाच्याच केसामागून हळूहळू जाळीकडे गेले, जत्रेतल्या होड्यांसारखे.

चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी तिम्मप्पाला कापांचा फोटो दाखवला. साल गुळगुळीत. खळगा औषधालाही नाही.

"म्हणजे भूत नाही?"

"नाही रे. खळगेच नाहीत."

तिम्मप्पाने मांडीवर टिचकी मारली. लाट गेली, परत आली. पहिल्यांदाच तो तिच्याकडे न घाबरता बघत होता.

"हा फोटो सासऱ्याला दाखवू?"

"दोन प्रती घेऊन जा."

दिवाळीला तिम्मप्पाकडून सुपारीची पिशवी आली, सोबत बायकोच्या हातची लोणच्याची बरणी. रेवण्णाने तपकिरीची डबी परत मागितली. मी उघडून दिली. आत काडी होती, टोकाला तिम्मप्पाचा केस.

"तपकीर कुठाय रे?"

"फुंकली," म्हटलं. हसला, आणि डबी वरच्या खिशात ठेवली.