स्वयंपाकघराची पांढरी भिंत

भिंत रंगवायला मी जर्मनीत शिकले. पुण्यात रंगारी यायचे, आपण त्यांना चहा द्यायचा आणि सामानावर जुन्या चादरी टाकायच्या, एवढाच माझा रंगाशी संबंध. इथे भाड्याचं घर सोडताना बऱ्याचदा भिंती पांढऱ्या करून द्याव्या लागतात, आणि रंगारी परवडत नाही म्हणून डॉक्टरपासून ड्रायव्हरपर्यंत सगळे स्वतःच रोलर हातात घेतात. मी रंगवलेलं पहिलं घर माझं नव्हतं. ते माझं होणार आहे, असं मला सांगण्यात आलं होतं.

आम्ही इंगोलश्टाटमध्ये नवीन होतो. नवऱ्याच्या कंपनीने राहायला दिलेलं घर फक्त उन्हाळ्यापर्यंत होतं, आणि मुलगी सप्टेंबरात पहिलीत जाणार होती. शाळा पत्त्यावरून ठरते, आणि पत्ता तर आमच्याकडे नव्हता. आम्ही शनिवार-रविवार घरं बघत हिंडायचो. प्रत्येक घरासमोर जिन्यापासून फुटपाथपर्यंत माणसं उभी असायची. फोनवर आडनाव सांगितलं की पलीकडचा आवाज एकदम सभ्य व्हायचा. त्या सभ्यपणाचा अर्थ मला पहिल्या महिन्यातच कळला.

अशात ताई भेटल्या, इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या, इथे कित्येक वर्षं मुरलेल्या. त्यांचं जर्मन ऐकून दुकानातल्या बायका मान वर करून बघायच्या. त्यांनी मला पंखाखाली घेतलं, दुसरा शब्द नाही. कचरा कुठल्या डब्यात टाकायचा, रविवारी भिंतीत खिळा का ठोकायचा नाही, डॉक्टरकडे वेळ देणाऱ्या बाईशी कसं बोलायचं, सगळं त्यांनी शिकवलं. जिन्यात मोठ्याने बोलायचं नाही, आणि मराठीत तर मुळीच नाही, हा त्यांचा खास नियम. "लोकांना वाटतं आपण भांडतोय," त्या म्हणायच्या. मी त्यांचं ऐकून जिन्यात कुजबुजायला शिकले. मुलीलाही शिकवलं.

मार्चमध्ये त्यांनी सांगितलं की त्यांनी जवळच्या गावात स्वतःचं घर घेतलंय, आणि हे भाड्याचं रिकामं होणार आहे. "अगं, हे घर तुम्हालाच. मी बोलते मालकीणबाईंशी. त्या माझा शब्द मोडायच्या नाहीत." ते खरंच होतं. इथे सोडून जाणारा भाडेकरू आपल्यामागून कोण यावं ते सुचवतो, आणि तो नीट वागलेला असेल तर मालक ऐकतो. तीन खोल्या, बाल्कनी, आणि समोरच्या चौकात शाळा. मुलीने पहिल्याच भेटीत बाल्कनीकडची खोली आपली म्हणून जाहीर करून टाकली.

त्याच आठवड्यात गावाच्या दुसऱ्या टोकाचं एक घर आम्हाला मिळत होतं. मालक सही करायला तयार होता. आम्ही नाही म्हणालो. नवरा तेव्हा चाचरत म्हणाला होता, "ताईंकडून, किंवा त्या मालकीणबाईंकडून, काहीतरी लेखी घ्यायला हवं का?" मी त्याच्यावर उखडले. आपल्या माणसाला असलं कसं विचारायचं? ताईंसमोर कागदाचं नाव काढलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. सहीशिवाय ज्या देशात पान हलत नाही, तिथे आम्ही एका शब्दावर घर बांधलं.

रंगवायची कल्पनाही माझीच. नाहीतरी आम्हीच राहणार, मग ताईंना एकटीला कशाला राबवायचं? दोन शनिवार आम्ही तिघं जुने कपडे घालून गेलो. ताई पोहे करायच्या, आम्ही रोलर फिरवायचो. स्वयंपाकघराची शेगडीमागची भिंत मात्र हटून बसली होती. इतक्या वर्षांच्या फोडण्या आणि तळण, सगळी पिवळी, हात लावला तर चिकट. आधी साबणाच्या पाण्याने घासली, मग डाग वर येऊ न देणारा रंग, मग पांढरा, आणि वाळल्यावर पुन्हा पांढरा. माझे खांदे भरून आले. ताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "कोपऱ्यात अजून जरा दिसतंय बघ." मी शिडी सरकवली आणि कोपरा पुन्हा केला. मला आनंदच होत होता, कारण त्या भिंतीसमोर उभी राहून मी पोळ्या करणार होते.

घर मालकीणबाईंच्या ताब्यात द्यायचा दिवस मला ठाऊक होता. ताईंनी बोलावलं नव्हतं, पण ओळख व्हावी आणि कराराचंही विचारावं म्हणून मी नारळाच्या वड्या करून डब्यात भरल्या आणि दुपारी गेले. दार उघडंच होतं. मालकीणबाई स्वयंपाकघरात होत्या, ताई खिडकीशी किल्ल्या हातात घेऊन. मी माझ्या शिकाऊ जर्मनमध्ये सांगितलं की पुढची भाडेकरू मी.

बाईंना आश्चर्य वाटलं, पण राग आला नाही. त्या फार सरळ बोलल्या. घर त्यांनी एप्रिलमध्येच दुसऱ्या कुटुंबाला दिलं होतं. भारतीय कुटुंब घ्यावं का, असं त्यांनी ताईंना विचारलं होतं. ताईंनी प्रामाणिक सल्ला दिला, सहसा घेऊ नका: पाहुणे महिनोन् महिने राहतात, तळण फार, भिंती पिवळ्या होतात. "हा प्रामाणिकपणा मला आवडला," बाई म्हणाल्या. "आणि ह्या स्वतः किती वेगळ्या आहेत ते बघा." त्यांनी शेगडीमागच्या भिंतीवर तळहात ठेवला. "इतकी वर्षं राहून भिंत नव्यासारखी."

आम्ही रंगवायला गेलो तो मे महिना होता.

मी ताईंकडे पाहिलं. "ताई, भिंत कोणी रंगवली ते सांगितलं नाहीत ह्यांना?"

ताईंनी मला जर्मनमध्ये उत्तर दिलं. आपण नंतर बोलू, कृपया. आजवर त्या माझ्याशी एक वाक्यही जर्मनमध्ये बोलल्या नव्हत्या. घर गेल्याचं दुःख मागून आलं. आधी लागलं ते हे. त्या एका वाक्याने त्यांनी मला दाराबाहेर काढलं.

माझं व्याकरण कच्चं होतं, पण एवढं मला येत होतं. मी बाईंना म्हटलं, "ही भिंत मी रंगवली. खाली ती पिवळी आहे."

बाईंनी हात काढून घेतला, तळव्याकडे पाहिलं, मग ताईंकडे. "मग तुम्ही छान रंगवली आहे," त्या मला म्हणाल्या. घर अर्थात गेलेलंच होतं.

ताई माझ्यामागून जिन्यात आल्या. आता मराठीत. "असं बोलायची काही गरज होती का त्यांच्यासमोर? मी तुमचं नाव घेऊन काही म्हटलं नाही, सर्वसाधारण बोलले. अगं, उद्या तुमच्याकडून काही कमीजास्त झालं असतं तर त्यांनी मला नावं ठेवली असती. इतक्या वर्षांत कमावलंय मी ते."

"मग आम्हाला का सांगत राहिलात? दुसरं घर सोडलं आम्ही. पोरीने खोली ठरवली, ताई. सप्टेंबरात तिची शाळा आहे. कुठे घेऊन जाऊ मी तिला?"

माझा आवाज फाटला होता, मला तो थांबवायचाही नव्हता. खालच्या मजल्यावर कोणीतरी दार उघडल्याचं ऐकू आलं. ताईंनी कठड्यावरून वाकून पाहिलं, माझा दंड धरला आणि पूर्वीच्याच मायेने म्हणाल्या, "हळू बोल गं. लोक ऐकतायत."

आणि मी आवाज खाली घेतला.