पिचर का बदलली

हे मी आजवर कोणापुढेही बोललेलो नाही. बायकोपुढे नाही, देवापुढेही नाही — देवावर तरी माझा पुरता भरवसा कुठे आहे? तुम्हीही हे कुठेतरी बोलून बसाल, अशी शंका आहेच. असो. सांगतो.

तुम्ही मला ओळखता ते कॉलेजातले सॉफ्टबॉलचे सर म्हणून. धानाच्या बांध्यांतून आलेल्या पोरी मी विद्यापीठाच्या संघात नेल्या. कितीतरी जणी खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला लागल्या. लोक म्हणतात, सरांची नजर! नजर कसली? संशय होता तो. कोण सरावाला दांडी मारते, कोण खोटंच लंगडते — मला सगळीकडे तेच दिसायचं. आणि बऱ्याचदा खरं निघायचं, तिथेच घोळ झाला.

सुमित्रा माझी सगळ्यात चांगली पिचर, म्हणजे बॉल टाकणारी. नागझिऱ्याच्या बाजूची, गोंडांच्या वस्तीतली. बाप जंगलात मजुरीला. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की नोकरीची वाट मोकळी, हे तिला माहीत होतं. मलाही.

अंतिम सामना नागपूरला होता. समोर देवरीकडचं एक कॉलेज. कोणता बॉल टाकायचा ते मी बाकावरून इशाऱ्याने सांगायचो — टोपीला हात, कानाला हात, मध्येच चार खोटे हात. ते इशारे बाहेरच्याला कळणं शक्यच नाही, अशी माझी घमेंड. तरी त्या दिवशी सुमित्राचा हळू बॉल आला रे आला की त्यांच्या पोरी झोडपत होत्या. आधीच कळल्यासारख्या. कोणी फोडलं? सकाळी मी सुमित्राला त्यांच्यातल्या एकीशी गोंडीत बोलताना पाहिलं होतं. दोघी हसत होत्या. मला गोंडी येत नाही, म्हणून मला वाटलं की माझ्यापासूनच काहीतरी लपवतायत. बस, एवढं पुरलं मला.

मी तिला बाहेर काढलं. पाणीही न पिता ती समोर येऊन उभी राहिली. "सर, मले काऊन काढलं?"

"हात थकला तुझा," मी म्हणालो.

सामना हरलोच. नंतर निवड करणाऱ्यांनी तिच्याबद्दल विचारलं तेव्हा मी — कसं सांगू? — मी म्हणालो, पोरगी भरवशाची नाही. माझा शब्द ते खाली पडू देत नसत.

परतताना सडक अर्जुनीला ढाब्यावर थांबलो. देवरीचे सर तिथेच चहा पीत होते. हसतच म्हणाले, "बुरा मत मानो सर, पण खर्रा सोडा. हळू बॉल मांगायच्या आधी तुमी खर्रा या गालातून त्या गालात ढकलता. आमच्या पोरी पिचरकडे पाहतच नव्हत्या, तुमच्या गालाकडे पाहून राहिल्या होत्या!"

पोरींना तंबाखूवर प्रवचन देणारा मी. तेव्हाही गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होताच. नावांची यादी दुसऱ्या दिवशी लागणार होती आणि फोन खिशात होता. एक फोन केला असता तर तिचं नाव लागलं असतं. पण मग सामना कोणामुळे गेला, हेही सांगावं लागलं असतं ना? बाहेर गाडीत सुमित्रा खिडकीला डोकं टेकून बसली होती. मी चहा संपवला, खर्रा थुंकला आणि गाडीत जाऊन बसलो. यादीत तिचं नाव आलं नाही.

ती आता नागझिऱ्याच्या अभयारण्यात गाईड आहे, पर्यटकांच्या जिप्सीत पुढे बसते. यंदा माझ्या निरोप समारंभाला ती आली, तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? — ही का आली? हिला कळलंय का?

तिला बोलायला बोलावलं. ती म्हणाली, "त्या दिवशी माझा हात थकला होता. मले समजलं नाही, सरायले समजलं. मी लय दिवस रागात होती. आता माझ्या पोरीले सांगतो, मोठ्या माणसाले आपल्याहून जास्त दिसते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती खरं बोलतेय की मला टोचतेय, ते मी तिच्या चेहऱ्यावर शोधत राहिलो. काही सापडलं नाही.

मग माईक माझ्या हातात आला. ती पहिल्याच रांगेत बसली होती, पोरीला मांडीवर घेऊन. मी शिस्तीवर बोललो.