अनोळखी उतारू

एक्क्याण्णव साली अमळनेरला आम्ही तिघे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि मराठी रहस्यपट आमच्यासाठीच अडून बसलाय अशी तिघांचीही खात्री होती. देवचंद दिग्दर्शक, पुना लेखक, आणि मला काहीच येत नसल्यामुळे मी निर्माता. धुळ्याच्या एका कॉलेजने स्पर्धा जाहीर केली होती. थरारपटाची फक्त सुरुवात करून पाठवायची, तीन मिनिटांची. शेवट नको.

ते वाचल्याबरोबर पुना ओरडला, "अरे, हे तर अभिमन आबांचं काम!"

अभिमन आबांनी एसटीत अठ्ठावीस वर्षं कंडक्टरकी केली, सगळी अमळनेर–धरणगाव रस्त्यावर. दोन महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले होते. त्यांच्या गाडीत लोक छत्र्यांच्या खालोखाल काय विसरत असतील तर रहस्यकथा. आबा ते पुस्तक जपून ठेवत आणि गाडी स्टँडवर उभी असताना वाचत. पण रहस्यकथा अर्धवट राहिलेला माणूस रात्रभर तळमळतो आणि सकाळच्या पहिल्या गाडीला पुस्तक मागायला दारात हजर होतो. त्यामुळे आबांना तीनेकशे खुनांची सुरुवात तोंडपाठ होती आणि खुनी मात्र एकही ठाऊक नव्हता.

आम्ही त्यांच्या ओट्यावर जमलो. त्यांच्या आई द्रौपदाबाई, वय पंच्याऐंशी, शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. पुनाने धुकं, ओसाड बंगला आणि पांढऱ्या साडीतली बाई अशी सुरुवात सांगितली.

"बंगला कुणाचा?" आबांनी विचारलं.

"कुणाचाच नाही. ओसाड आहे."

"अमळनेरात? भाऊबंद राहू देतील ओसाड?"

"मग बसच्या शेवटच्या सीटवर प्रेत," देवचंद म्हणाला.

"कितीची गाडी?"

"कुठलीही."

"कुठलीही कशी? साडेआठच्या गाडीत प्रेताला बसायला जागा मिळायची नाही."

मग त्यांनी स्वतःची सुरुवात काढली. एक अनोळखी माणूस एसटीतून उतरतो. हातात बॅग. ती पाण्याच्या टाकीजवळ ठेवतो आणि मागे न बघता निघून जातो. बस, एवढंच. आमच्या अंगावर काटा आला.

"पण हा माणूस करणार कोण?" मी विचारलं.

आबांनी घसा खाकरला. "मी करतो."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. तीन तालुक्यांत आबांना न ओळखणारा माणूस म्हणजे नुकतंच जन्मलेलं मूल.

"बाबांनो," आबा हळूच म्हणाले, "अठ्ठावीस वर्षांत लाखभर वेळा उतरलो असेन गाडीतून. पण उतारू म्हणून कधी उतरलो नाही. कुणी ना कुणी हाक मारतंच, आबा, पुढची कधी? एकदा तरी कुणी न ओळखता उतरू द्या मला."

यावर नाही कसं म्हणणार? लोकांच्या नजरेची खाकीची सवय मोडावी म्हणून मी पांढरं धोतर-सदरा सुचवला. पुना म्हणाला, मिशी काढा. आबांची मिशी म्हणजे आमच्या स्टँडची खूण. रविवारी सकाळी त्यांनी ती घरी न सांगता काढून टाकली. डोक्यावर आधीपासूनच काही नव्हतं.

कॅमेरा रतिलालचा होता, लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा. बारा पस्तीसच्या मुहूर्ताला त्याला धरणगाव गाठायचं होतं, म्हणजे शॉट एकदाच. धरणगावची गाडी आत शिरली. अलीकडच्याच थांब्यावर चढलेले आबा उतरले, गंभीर चेहऱ्याने, हातात माझी बॅग. आत दोन गोधड्या होत्या.

चार पावलं झाली असतील, भाजीवाल्या कमलबाईंच्या हातातलं वांगं सुटलं.

"अरे आबा! काय व्हयनं? माय गयी?"

पांढरे कपडे, सफाचट तोंड, हातात बॅग. आमच्याकडे मिशी कधी उतरवतात, हे आम्हा तीन विद्वानांना सोडून अख्ख्या स्टँडला माहीत होतं. आबा भूमिकेत होते. ते बोललेच नाहीत. त्यामुळे दुःख फारच मोठं आहे अशी सगळ्यांची खात्री पटली. चिंधा हमालाने टोपी काढली. कमलबाईंनी बॅगेला हात जोडले. बायकांनी सूर धरला. कॅमेरा बंद करायला देवचंद खुणावत होता, पण रतिलालची सवय वेगळी: बायका रडायला लागल्या की तो कॅमेरा आणखी जवळ घ्यायचा.

ठरल्याप्रमाणे आबांनी बॅग टाकीजवळ ठेवली आणि ते निघून गेले, मागे न बघता.

"आईच्या अस्थी टाकीखाली टाकून चालले!" कुणीतरी किंचाळलं. चिंधाने बॅग छातीशी धरली आणि तीस-चाळीस माणसं आबांच्या घराकडे निघाली. आम्हीही मागोमाग पळालो.

द्रौपदाबाई ओट्यावरच होत्या. घोळक्यात सगळ्यांत पुढे असलेली भागाबाई गळा काढून आली आणि समोर बघून जागच्या जागी गप्प झाली.

"रड ना," म्हातारी म्हणाली. "मी जित्ती शे, म्हनीसन थांबू नको. आनि ती बॅगमा काय शे?"

चिंधा चाचरत म्हणाला, "आक्का... तुम्हीच होत्या."

म्हातारी इतकी हसली की शेंगांचं सूप कलंडलं. कोण कोण किती रडलं याची तिने दोन दिवस चौकशी केली. आबांशी मात्र मिशी परत येईपर्यंत बोलली नाही.

आबा आमच्याशी नीट बोलत होते, पण त्यांचा चेहरा उतरला होता. "नाहीच जमलं रे," एवढंच ते म्हणायचे.

दुसरं शूटिंग शक्य नव्हतं. रतिलालच्या दुकानात आम्ही झालेल्या शूटिंगमधला सगळा आवाज काढला, त्या जागी घड्याळाची टिकटिक घातली आणि कॅसेट धुळ्याला पाठवली.

स्पर्धेला आबांनाही नेलं. बक्षीस दुसऱ्या कुणाच्या तरी पांढऱ्या साडीतल्या बाईला मिळालं. पण आमची सुरुवात लागली तेव्हा सभागृह चिडीचूप झालं. पडद्यावर एक माणूस उतरतो, अख्खं स्टँड त्याच्याभोवती मुक्याने रडतं, तो कुणाकडेही न बघता बॅग ठेवून निघून जातो.

दिवे लागल्यावर पुढच्या रांगेतल्या मुलीने वळून आम्हाला विचारलं, "कोण होता हो तो माणूस?"

देवचंदने अभिमानाने तोंड उघडलं, तोच मागून आबांनी त्याचा खांदा असा दाबला की तो कळवळला.

"माहीत नाही," मी म्हणालो.

ती आबांकडे वळली. "तुम्हाला काही कळलं का, काका?"

"कोण जाणे बुवा," आबा म्हणाले. "आपल्याकडचा वाटत नाही."

आणि नुकत्या फुटलेल्या मिशीच्या खुंटांवर ताव देत ते एकटेच दाराकडे निघाले. धुळ्याच्या त्या गर्दीतून कुणीही त्यांना हाक मारली नाही.