विमानाला जरा हात दाखव!

काजूच्या हंगामात चार दिवस बोंडू वेचायला गेलं नाही, तर झाडाखाली खच पडतो. व्हीलचेअर ढकलणाऱ्यांच्या किश्श्यांचंही तसंच! गोव्यातल्या आमच्या पेडण्याच्या कातळी सड्यावर विमानतळ झाला आणि मी नि माझ्याच कोरगावची मैत्रीण सुलक्षा तिथं या कामाला लागलो. आमच्यावर सुपरवायझर पाटील साहेब, बेळगावकडचे. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "तीन म्हैने बघतो. तुमच्यापायी एका जरी पॅसेंजरचं विमान चुकलं, तर बाहेरनं शिकलेली माणसं आणणार बघा!"

त्याआधी आठ वर्षं मी कारखान्यात काजू सोलले होते. स्वतःचा फोटो असलेलं कार्ड गळ्यात पहिल्यांदाच पडलं होतं. ते मी परत देणार नव्हते. म्हणजे नव्हतेच!

*

ट्रेनिंगला साहेब स्वतःच पॅसेंजर होऊन खुर्चीत बसले. सुलक्षा म्हणजे शेतात राबलेली बाई, अंगात जोर भरपूर. उतारावर तिनं असा काही रेटा दिला की साहेबांची टोपी मागं आणि साहेब पुढं!

"ब्रेक! ब्रेक मार!"

खुर्ची फुलांच्या कुंडीला टेकून थांबली. सुलक्षा धापा टाकत म्हणाली, "साहेब, ब्रेक उद्या शिकयतंय म्हणान तुमीच सांगल्यात!"

दुसऱ्या दिवशी ती एक बस आधी आली आणि हात भरून येईपर्यंत त्याच उतारावर रिकामी खुर्ची वर-खाली करत राहिली.

*

सुलक्षाला इंग्रजी एकच येई. "नो प्रॉब्लेम, मॅडम!"

एकदा एक परदेशी आजी पासपोर्ट हरवला म्हणून रडायला लागली. ही हसून म्हणते, "नो प्रॉब्लेम, मॅडम!" आजी आणखी मोठ्यानं रडली.

मग मात्र सुलक्षानं पदर खोचावा तसं युनिफॉर्मचं जाकीट खोचलं. कॉफीचं दुकान पाहिलं, बाथरूम पाहिलं, कचऱ्याचा डबा पालथा घातला. शेवटी आजीलाच व्हीलचेअरमधून उठवलं. पासपोर्ट तिच्याच बुडाखाली, गादीच्या फटीत! आजीनं सुलक्षाचे दोन्ही गाल धरले आणि म्हणाली, "नो प्रॉब्लेम!"

*

ट्रॉल्या गोळा करणारा सत्यवान आधी मुरगावच्या बंदरात होता. तिथंच खोली, घरी आठवड्यातून एकदा. आता जेवायलासुद्धा घरी जातो. त्याची बायको बाजारात भेटली तेव्हा मी विचारलं, "आता बरं वाटत असेल नाही?"

"कसला बरा? आदी आठवड्याक एकदा झगडो होवचो. आता दिसाक दोनदा!"

आणि हे सांगताना बाजारहाटाची पिशवी हलवत नुसती हसत होती.

*

साखळी गावच्या माझ्या आतेभावाचा घाबराघुबरा फोन आला. "ताई, रस्त्यात अडकलंय! विमानाक जरा हात दाखव मगो!"

म्हटलं, "अरे, ती काय साखळीची बस? धाव तू!"

तो घामाघूम होऊन पोचला. नशिबानं विमानच उशिरा होतं. जाता जाता सगळ्यांदेखत मला म्हणतो, "बघ, तू सांगलंस म्हणान थांबला!" तेव्हापासून साखळीत मी विमानं थांबवते.

*

तीन महिन्यांचा शेवटचा दिवस. आमच्या गावचे दत्ताआबा नातीच्या लग्नाला दिल्लीला निघाले होते, जन्मात पहिल्यांदा विमानानं. पोरं बाहेरून सोडून गेली. गेटपर्यंत मी त्यांची खुर्ची ढकलत आणली. तिथं मात्र त्यांनी दोन्ही हातांनी ब्रेक आवळला.

"घायघायत गाराणा रवला. गाराणा घातल्याबिगर मी जावचंय नाय!"

आमच्याकडे मोठ्या कामाआधी जाणता माणूस देवाला गाऱ्हाणं घालतो आणि जमलेले 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्या होकाराशिवाय ते पुरं होत नाही. आणि घालायचं पुरुषानं. इथं रांग संपत आलेली, गेटवरची मुलगी घड्याळ बघतेय, आणि समोरून पाटील साहेब तरातरा येताहेत!

मी वॉकीटॉकीसकट हात जोडले. सासऱ्यांचं इतकी वर्षं ऐकलं होतं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो कोरगावचो भक्त इमानात बसता हा. तेच्या वाटेतला इघ्न दूर कर, नि जसो जाता तसो सुखरूप परत हाड, रे म्हाराजा!"

होकार द्यायला तिथं गावचं कोणी नव्हतं. आबांचे हात ब्रेकवरच. मी तळवे सोडवले, तेव्हा कळलं की वॉकीटॉकीचं बटण इतका वेळ दाबलेलंच होतं. आणि तो खरखरला.

"व्हय म्हाराजा!" हा सत्यवान, ट्रॉल्यांकडून.

"व्हय म्हाराजा!" पार्किंगमधून.

"व्हय म्हाराजा!" सामानाच्या पट्ट्यावरून दोघे-तिघे एकदम.

पाटील साहेबांनी आपला वॉकीटॉकी तोंडाशी नेला. माझा हात गळ्यातल्या कार्डावर गेला.

साहेबांनी डोळे मिटले.

"व्हय महाराजा!"

आबांनी ब्रेक सोडला. "आता ढकल गे!"