बिनदवंडीची बंदी

नानांनी थाळी माझ्या हातात दिली नाही. पायाशी टाकली.

पारावरच्या फरशीवर ती खणखणली, गरगर फिरली आणि माझ्या चपलेला लागून थांबली. ग्रामसभा नुकतीच संपली होती. टोप्या झटकत उठलेली माणसं त्या आवाजानं पुन्हा खाली बसली.

"उचल," नाना म्हणाले. "तुझ्या बापाचीच हाय. दे दवंडी. उद्यापास्नं अभ्यासिका बंद. कुणाची पोरगी तिकडं दिसली तर गाव बघून घील."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. माझ्या शेजारी सलीम उभा होता. त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

"कोतवालाच्या पोरीचा आवाज खानदानी हाय," नाना पुढं म्हणाले. "धाराशिवला जाऊन शिकली म्हणून आवाज बदलतो व्हय?"

मी थाळीकडं बघत होते. तिच्या काठाला एक पोचा होता. तो मी ओळखला.

नाना म्हणजे आमच्या गावातले सगळ्यात मोठे बागायतदार. सरपंच त्यांची सून. सही तिची, तोंड त्यांचं. गाव त्यांना मालक म्हणतं. माझे आबाही जन्मभर मालकच म्हणाले. आबा गावचे कोतवाल होते. साहेब येणार, लस टोचणार, नळाला पाणी येणार नाही, जे काही गावाला सांगायचं ते आबा थाळी बडवत गल्लोगल्ली ओरडून सांगायचे. ते निवृत्त झाले तेव्हा थाळी पंचायतीत जमा झाली. आजोबांनी दीक्षा घेतली, देव सोडले, गावकीची कामं सोडली. कोतवाली तेवढी सरकारी म्हणून राहिली. पण गावाच्या डोक्यात ती गावकीच होती. म्हणून मी एमएसडब्ल्यू झाले तरी गावात माझं नाव एकच. कोतवालाची.

अभ्यासिकेचं सांगते. वैष्णवी बीएस्सी, सलीम एमए आणि मी. तिघंही धाराशिवला एकाच एसटीनं जायचो-यायचो. वैष्णवी नानांच्या भावकीतली, सलीम शेजारच्या गावचा, मी वस्तीतली. गावात आम्ही एकमेकांच्या दारात कधी गेलो नसतो. एसटीच्या मागच्या बाकावर मात्र एकाच डब्यात जेवायचो. पदव्या झाल्या, नोकऱ्या नाहीत. लोक विचारायचे, "आता काय?" आम्ही तरी काय सांगणार?

मग गुरांचा दवाखाना दिसला. डॉक्टर बदलून गेल्यापासून तो बंद होता. ग्रामसभेत मागितला. तेव्हा नानांनीच मान डोलावली, कारण त्या दिवशी फोटो काढायला माणूस आला होता. वस्तीतल्या पोरांनी वायरिंग केलं. गावातल्या गवंड्यानं ओटा बांधून दिला. बचत गटाच्या बायकांनी जुन्या साड्यांचे पडदे शिवले. गाव आणि वस्तीनं मिळून केलेलं दुसरं एखादं काम मला तरी आठवत नाही. लोक थट्टा करायचे, "काय गं, गुरांच्या दवाखान्यात निघालीस व्हय?" आम्हीही हसायचो. खरं म्हणजे त्या हसण्याचीच मला पुढं फार आठवण यायची.

अभ्यासिकेत नियम एकच. मोठ्यानं वाचायचं. आमच्याकडच्या पोरी ओढणीत बोलतात. प्रश्न विचारला की मान खाली, आवाज आत. म्हणून रोज एकीनं ओट्यावर उभं राहून पेपर वाचायचा, समोरच्या पारावर ऐकू जाईल असा. पारावरच्या म्हाताऱ्यांना ते आवडलं. "ए पोरी, सोयाबीनचा भाव परत वाच की," असं तिकडून ओरडायचे.

आर्या ही नानांची नात. बारावीला होती. पहिल्या दिवशी तिचा आवाज तिच्याच हातातल्या पेपराला ऐकू गेला नसेल. दिवाळीपर्यंत तो रस्ता ओलांडून पारावर जायला लागला. मी तिला शाबासकी दिली. मला केवढा आनंद झाला होता!

मग तिला बघायला पाहुणे आले. अठरा पूर्ण व्हायचे होते तिला. चहाचा ट्रे घेऊन गेली, ट्रे ठेवला आणि उभ्या उभ्या म्हणाली, "मला लग्न करायचं न्हाय. मला शिकायचंय." बैठकीतलं बोलणं गल्लीत ऐकू आलं म्हणे. पाहुणे चहा न घेता उठले. त्या दिवसापासून आर्या घराबाहेर दिसली नाही.

आणि आता ही थाळी.

"माझ्या नातीला वरडायला शिकवलंस," नाना म्हणाले. आता ते हसत नव्हते. "आता तूच वरड."

मी वाकले. थाळी उचलली. काठावरच्या पोच्यावर माझा अंगठा बसला.

मी लहान असताना वस्तीच्या लोकांनी फाट्यावर एक पाटी लावली होती. निळ्या अक्षरात वस्तीचं नाव आणि एक बाण. एवढंच. गावाच्या नावाशेजारी वस्तीचं नाव कशाला, म्हणून गाव बिथरलं. दुसऱ्या दिवशी आबा दवंडीला निघाले आणि मी नेहमीसारखी त्यांचं बोट धरून निघाले. आबांचा आवाज मला फार आवडायचा. शब्दांकडं माझं लक्ष नसायचं, नुसत्या चालीकडं असायचं.

"ऐका हो ऐका! उद्यापास्नं वस्तीतल्या कुणाला दळण दिऊ न्हाय, किराणा दिऊ न्हाय, कामाला लावू न्हाय! दील त्याला दंड हाय हो!"

गाव झालं. वस्तीच्या तोंडाशी येऊन आबा थांबले. मागं मालकाचा माणूस चालत होता. तो म्हणाला, "थांबलास का? वस्तीत बी दे."

आबांनी दिली. आमच्याच गल्लीत, आमच्याच दारापुढं उभं राहून, आमच्यावरच्याच बंदीची दवंडी. माय परातीतल्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं आणि आत गेली. तो माणूस गेल्यावर आबांनी थाळी उंबऱ्यावर आपटली. पोचा तेव्हाचा.

दुसऱ्या दिवशी मी मायसोबत गिरणीवर गेले. तिच्या डोक्यावर ज्वारीचा डबा होता. गिरणीवाला तिच्याकडं न बघता म्हणाला, "दळत न्हाय. तुझ्याच नवऱ्यानं सांगितलंय काल."

माय डबा खाली न उतरवता मागं फिरली. आम्ही ज्वारी शिजवून घुगऱ्या खाल्ल्या. घुगऱ्या संपण्याआधी पाटी उतरली. वस्तीच्या लोकांनी आपल्याच हातांनी उतरवली.

हे सगळं त्या पोच्यात होतं.

"नाना," मी म्हणाले. मालक म्हटलं नाही. पारावर चुळबुळ झाली. "दवंडी म्या देणार न्हाय. थाळी माझ्या बापाच्या हातची हाय, ती घरी नेते. अभ्यासिका उद्या सकाळी उघडंल."

मला वाटलं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला.

"बरं," म्हणाले. "ऱ्हाऊ दे. आता दवंडीची गरज तरी कुटं ऱ्हायलीय?"

ते अगदी मऊ बोलले. मी थाळी काखेत मारून घरची वाट धरली.

सकाळी अभ्यासिकेला दुसरंच कुलूप होतं. कुणी लावलं, कुणालाच माहीत नव्हतं. पारावरचे म्हातारे दुसरीकडं तोंड करून बसले होते. सोयाबीनचा भाव कुणी विचारला नाही.

मग एकेक गोष्ट होत गेली. गिरणीचा पट्टा तुटला, पण फक्त वस्तीचा डबा आला की तुटायचा. आमच्या वाट्याचं दूध रोज नासायला लागलं. तेरकडं जाणाऱ्या वडापवाल्याच्या जीपमध्ये दोघंच बसलेले, तरी तो म्हणायचा, "जागा न्हाय." काढणीला वस्तीतल्या बायकांना कुणी बोलावलं नाही, बाहेरगावची टोळी आली. मी रस्त्यानं निघाले की बोलणी थांबायची आणि मी पुढं गेले की पुन्हा सुरू व्हायची. दिवेलागणीला एक मोटारसायकल वस्तीत यायची. नंबरप्लेट नसलेली. आमच्या दारापुढं थांबायची, इंजिन चालू ठेवून. दोघं बसलेले, तोंडाला रुमाल. बोलायचे नाहीत. मग निघून जायची. माय तवा उतरवून ठेवायची आणि ती गेल्यावरच पुन्हा चुलीवर चढवायची.

आबा रोज संध्याकाळी दारात बसून कान देऊन ऐकायचे. दवंडीची वाट बघायचे. ती होतच नव्हती.

"माझ्या येळंला निदान दवंडी तरी व्हती," एकदा म्हणाले. "कोण बोललं ते तरी कळायचं."

मी ठाण्यात गेले. बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, तो मला तोंडपाठ आहे. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं, मग विचारलं, "कोण म्हणालं? कुठं म्हणालं? कुणी ऐकलं?"

काय सांगणार? पारावर नाना बोलले ते अभ्यासिकेबद्दल; वस्तीबद्दल कुणीच काही म्हणालं नव्हतं. पट्टा तुटला होता. दूध नासलं होतं. जागा नव्हती. पूर्वी बंदीला तोंड लागायचं, आता तेही लागत नव्हतं. शिकलो आम्ही, पण शहाणे झाले मालक. परतीच्या एसटीत मी रडले. रागानं रडले.

त्या आठवड्यात आम्ही तिघं आमच्या दारात बसलो. वैष्णवीचा मोबाइल घरच्यांनी काढून घेतला होता. तिच्या दंडावर काळंनिळं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "पडले." मग म्हणाली, "न्हाय. पडले न्हाय."

तेरच्या स्टँडवर एकानं सलीमच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "तुझं गाव येगळं, धर्म येगळा. तुला काय झालं तर इथं कुणाला कळायचं बी न्हाय."

"मला भ्याव वाटतंय," सलीम म्हणाला.

"मला बी," मी म्हणाले.

मग बोललो. पेपर वाचताना पोरींना काय सांगायचो? मोठ्यानं वाच. जे पारावर ऐकू जात नाही ते वाचलंच नाही. आणि आमच्यावर काय चाललंय ते आम्ही तिघं दारात कुजबुजत होतो! मी उठले आणि कोनाड्यातली थाळी काढली.

आबा बघत होते. मला वाटलं, नको म्हणतील. ते म्हणाले, "आवाज पोटातनं काढ. गळ्यातनं काढलास तर बसंल."

बाजाराचा दिवस होता. वेशीपासून पारापर्यंत माणूस होता. मी थाळी वाजवली. त्या आवाजानं गाव वळलं. सवय जुनी आहे.

"ऐका हो ऐका! वस्तीवर बंदी हाय हो बंदी! नानांनी तोंडानं सांगितली न्हाय, म्हणून म्या सांगते! गिरणीचा पट्टा तुटला न्हाय, गिरणी चालू हाय! दूध नासलं न्हाय, वस्तीला दिऊ नगा म्हणून सांगितलंय! अभ्यासिकेला कुलूप हाय, कुणी लावलं ते सगळ्यांना ठावं हाय! आन् पोरगी घरात कोंडून तिचं लग्न लावणं गुन्हा हाय हो!"

गिरणीवाल्यानं शटर ओढलं. मी त्याचं नाव घेतलं. दूधवाल्याचं घेतलं. सलीम मोबाइलवर सगळं टिपत होता, त्यानं तो एकदाही खाली घेतला नाही. वैष्णवीच्या गल्लीत आलो तेव्हा तिनं माझ्या हातातली थाळी घेतली. स्वतःच्या दारापुढं उभी राहून तिनं आपल्याला मारणाऱ्या चुलत्याचं नाव घेतलं. आतून कुणीतरी शिवी दिली. ती पुन्हा पहिल्यापासून बोलली.

आर्याच्या माडीची खिडकी बंद होती. ती बंदच राहिली.

पारावर नाना बसले होते. शेजारी दोन पोरं, एकाच्या बोटात गाडीची किल्ली. तो ती गरगर फिरवत होता.

"वरड," नाना म्हणाले. "आवाज बसंल एक दिस."

गोष्ट इथवर आली आहे. काही सुटलेलं नाही. कुलूप आहे. दळण आम्ही सलीमच्या गावातून आणतो आणि आता त्या गिरणीवाल्यालाही कुणीतरी जाऊन भेटलं आहे. अभ्यासिकेच्या ओट्यावर मी रोज सकाळी बसते. दोन पोरी येतात. एक वस्तीतली, एक गावातली. गावातली मागच्या वाटेनं येते. थाळी वाजते आणि काल कुणी काय नाकारलं ते आम्ही आळीपाळीनं मोठ्यानं सांगतो, नावासकट. जो दळेल त्याचं नाव गळेल. तोवर घेणार. परवा त्या दोन पोरींना मी आबांचं सांगणं सांगितलं, आवाज पोटातून काढायचं. माझा बसलाच, तर थाळी कुणाकडं जायची ते ठरलेलं आहे.

मोटारसायकल अजून येते. काल इंजिन बंद करून थांबली.

तिला नंबर नाही. चालवणाऱ्याला नाव आहे. रुमालावरचे डोळे मी ओळखले; लहानपणी बालवाडीत माझ्या शेजारी बसायचा तो. उद्या सकाळी ते नाव मी घेणार आहे. त्याच्या बापाच्या दारापुढं उभं राहून, पोटातून.