मधकाकूंचे बिनविस्तवाचे लाडू

मधकाकू कुणाच्या घरी पहिल्यांदा गेल्या, की चहाला नको म्हणायच्या आणि विचारायच्या, "तुमच्याकडे मध कुठला असतो?" बाटली समोर आली की ती खिडकीशी नेऊन उजेडात धरायच्या, वास घ्यायच्या, करंगळीवर थेंब घेऊन डोळे मिटायच्या. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "कुठल्या फुलाचा?" बहुतेकांना ते माहीत नसे, आणि काकूंना त्याचं मनापासून आश्चर्य वाटे. "अगं, रोज पोटात घालता आणि कधी विचारलं नाही?"

कतारच्या दोह्यात, फरीज बिन ओमरान वस्तीतल्या आमच्या इमारतीत त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहत. मूळच्या बार्शीच्या. काका रास लफानच्या गॅस प्लांटमध्ये शिफ्ट सुपरवायझर, एकुलता एक मुलगा निखिल अमेरिकेत. कोपऱ्यावरच्या येमेनी दुकानदाराशी काकू हिंदीत बोलत आणि तो अरबीत, पण मधाच्या बाबतीत दोघांचं कुठे अडत नसे. त्याच्याकडचा 'सिद्र' मध म्हणजे बोरीच्या जातीच्या झाडाचा, हे कळलं त्या दिवशी काकू दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून वर आल्या. "अगं, बोर निघाली ती! आणि मी मेली इतके दिवस सिद्र सिद्र करत बसले!"

मधाला विस्तव दाखवायचा नाही, हा त्यांचा एकमेव कडक नियम. त्यामुळे त्यांचा सगळा खाऊ गॅस न पेटवता व्हायचा. बिया काढलेला खजूर हाताने मळायचा, त्यात विकतचं शेंगदाण्याचं कूट, भाजके तीळ आणि मध घालायचा, राजगिऱ्याच्या लाह्या सगळ्यात शेवटी. लाडू वळायचे, नाहीतर ताटात थापून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि वड्या पाडायच्या. "लाह्या आधी घातल्यास तर मऊ पडतील हं," असं त्या प्रत्येक वेळी बजावत. इथल्या उन्हाळ्यात हे लाडू म्हणजे सुखच होतं. इमारतीतल्या आम्ही सगळ्याजणी ते त्यांच्याकडूनच शिकलो.

एका रमजानात निखिल दोन दिवसांसाठी येऊन गेला. जाताना त्याने आईच्या हातात एक देखणी बरणी ठेवली. "गुडघ्यांना बरं वाटेल. रोज एक चमचा घे," एवढंच म्हणाला. पण एकटीने काही खाणं काकूंना जमत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्याच मधाचे लाडू वळले, एक चाखून पाहिला आणि बाकीचे काकांच्या डब्यात भरले. काकांच्या शिफ्टमधली माणसं रोजा सोडताना काकूंच्या डब्याची वाट बघत.

दुपारी त्या बरणी घेऊन माझ्याकडे आल्या. "मला या फुलाचं नावच उमगत नाहीये. सीबीडी कुठलं फूल गं? चव जरा कडसर आहे, गवतासारखी."

मी लेबल वाचलं. खाली बारीक अक्षरांत 'हेम्प' लिहिलं होतं. फोनवर शोधून खात्री करून घेतली.

"काकू, हा भांगेच्या जातीच्या झाडाचा अर्क आहे. मधात मिसळलाय."

"भांग?"

"नशा येत नाही म्हणतात. अमेरिकेत दुकानात मिळतो. पण इथे चालत नाही. जवळ सापडला तरी पोलीस केस."

काकू खुर्चीत बसल्या. "अगं, लाडू..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. प्लांटवर नशेच्या पदार्थांसाठी अचानक लघवीची तपासणी होते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्यात दोषी ठरलेल्याची नोकरी जायची. काकांचीच नव्हे, त्या डब्यातून खाणाऱ्या प्रत्येकाची.

कामावर असताना काकांचा मोबाइल लॉकरमध्ये असे. काकूंनी कधी नव्हे तो कंट्रोल रूमला फोन लावला. उचलणाऱ्याला हिंदीत विनवलं. बऱ्याच वेळाने काका लाइनवर आले.

"काय गं? बरी आहेस ना?"

"अहो, डबा उघडलात का?"

"मगरिबची अजान व्हायचीय अजून, रोजा कुठे सुटलाय?"

"उघडू नका. मधाला वास येतोय."

"तुझ्या मधाला?"

"हो, माझ्या! आधी डबा बॅगेत टाका, यल्ला, लवकर!"

"बरं," काका म्हणाले. " खलास. टाकला."

काका घरी येईपर्यंत मी काकूंजवळ बसून राहिले. काकू मधूनच विचारत, "माझे डोळे लाल दिसतायत का गं? जीभ जड वाटते का बोलताना?" भीती होतीच, पण त्याहून जास्त कुतूहल होतं. शेवटी गुडघा चोळत म्हणाल्या, "एवढं करून हा मेला दुखतोच आहे!"

काका डबा घेऊन आले. काकूंनी त्यांना दारातच सगळं खरं सांगितलं. ते भिंतीला टेकले. मग काकूंनी मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, त्यात ते लाडू आणि उरलेला मध घातला. स्वतःचा नियम स्वतःच्या हाताने मोडताना त्यांनी तोंड बाजूला फिरवलं होतं. विरघळलेलं सगळं सिंकमध्ये ओतलं, बरणी धुतली, लेबल खरवडून काढलं.

मध ओतून दिल्याचं ऐकून निखिलला लागलं. फोनवर म्हणाला, "आई, इथे लोक कॉफीत घालून पितात."

"तिथे पीत असतील. आम्ही इथे राहतो, बाळा." लगेच काकूंनी आवाज मऊ केला. "पण मला सांग, तो अर्क काढतात तरी कसा?" मग मायलेक कितीतरी वेळ बोलत बसले.

पुढच्या रमजानात निखिल रिकाम्या हाताने आला आणि चांगला आठवडाभर राहिला. मी डोकावले तेव्हा तो ओट्याशी खजूर मळत होता आणि काकू त्याच्या हातांकडे बघत गप्प बसल्या होत्या. त्यांना इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं.

काका निवृत्त झाले आणि दोघं कायमची बार्शीला निघाली. आम्ही विमानतळावर पोचवायला गेलो. गुडघ्यांमुळे काकूंसाठी व्हीलचेअर मागवली होती. आम्ही साऱ्याजणी डोळे पुसत, हात हलवत उभ्या. काकूंनी मात्र मागे वळून पाहिलंच नाही. खुर्ची ढकलणाऱ्या नेपाळी माणसाकडे मान वर करून त्या विचारत होत्या, "भैया, इसका ब्रेक किधर होता है?" त्याने थांबून दाखवला. त्यांनी स्वतः एकदा दाबून पाहिला, सोडला, आणि खूश होऊन आत गेल्या.