मारणाऱ्या हाताकडं

आमच्या गावची, पिशोरची विहीर आटली, तेव्हा आम्ही शहराच्या कडेला पडेगावच्या गुंठेवारीत पत्र्याच्या एका खोलीत राहायला आलो. शहर चहूबाजूंनी वाढत होतं. नवरा नव्या इमारतींवर सेंट्रिंगच्या कामाला जायचा. मुलगी नऊ महिन्यांची होती. टँकर चार-चार दिवस यायचा नाही, आणि आला की कुणी कुणाचं उरायचं नाही.

त्या सकाळी टँकर वळणावर दिसला तशी सगळी गल्ली पळत सुटली. मुलीला कडेवर घेऊन मी आमच्या ड्रममध्ये पाइप टाकला. शेजारणीनं तो काढून आपल्या ड्रममध्ये घातला. ती पन्नाशीची, एकटीच राहणारी बाई. आमचं आधीपासून पटत नव्हतं. मी पाइप ओढला, तिनं माझे केस धरले. मी तिच्या मनगटाला कडकडून चावले. तोवर पुरुष मधे घुसले होते. कुणीतरी गरगर फिरवलेला हंडा माझ्या कपाळावर बसला.

डोळ्यांवर रक्त ओघळलं आणि मी खाली कोसळले. मुलगी हातातून कधी सुटली ते कळलंच नाही. चिखलात नुसते पाय, चपला, बादल्या. तिचं रडणं ऐकू येत होतं, मग ते थांबलं. मी चिखल चाचपत रांगत राहिले. दिसलं ते इतकंच, की शेजारीण दोन्ही कोपरं रोवून कशावर तरी पालथी पडली आहे आणि माणसं तिला तुडवताहेत. तिच्या हातावर कुणाचा तरी पाय पडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ती जागची हलली नाही.

तिच्याखाली माझी मुलगी होती. तोंडात चिखल, पण जिवंत.

मला सात टाके पडले. डोळा मिटला, अर्धं तोंड पट्टीत गेलं. मला पाहून मुलगी किंचाळली. तीन दिवस तिनं मला हात लावू दिला नाही, अंगावर प्यायली नाही. छाती दगडासारखी झाली, ताप चढला. जायची ती फक्त शेजारणीकडं, तिच्या धड असलेल्या हातावर.

चौथ्या दुपारी मी तिला जबरदस्तीनं मांडीवर घेतलं. तिनं पट्टीत बोटं घालून ती ओढली. टाका उसवला. मी तिच्या थोबाडीत मारली. गालावर माझी चारही बोटं उमटली.

तिचा श्वास कोंडला. ओठ निळे पडले. मग रडणं फुटलं, आणि रडत रडत तिनं दोन्ही हात वर केले. माझ्याकडंच. मारलं मी होतं, आणि ते सांगायलाही ती माझ्याकडंच आली. माझ्या गळ्याला मिठी मारून तिनं तोंड छातीशी खुपसलं.

मी तिला घेऊन शेजारणीच्या दारात जाऊन टेकले आणि तिला अंगावर घेतलं.

"मावशी, मी हिला मारलं."

ती प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसली होती. तिनं गाल पाहिला.

"लई जोरात मारलंस."

"तरी माझ्याकडंच आली."

"मग कुठं जाईल? तिला दुसरं कोन हाय?"

हे ऐकून मला मारामारीपेक्षा जास्त भीती वाटली. लहानपणापासून मी विहारातल्या वंदनेला हात जोडत आले. कुणीतरी जोडायला लावले म्हणून जोडले. श्रद्धा हा शब्द मला तोवर मोठ्या माणसांचा वाटायचा. मांडीवर हुंदके देत पीत असलेल्या या पोरीला तो शब्दही ठाऊक नव्हता.

मी पुन्हा कधी हात उचलला नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. दोनदा उचलला. दोन्ही वेळा ती आली.

शेजारणीचा हात वाकडाच जुळला. पुढच्या टँकरपासून तिचं पाणी मी भरलं. पोरीनं पहिलं पाऊल टाकलं ते तिच्या अंगणात, तिच्या दिशेनं.